सदतीस वाइड

मास्तर कोसळले तेव्हा सोळावी ओव्हर चालू होती आणि चौथा बॉल पडला होता. हे इतकं नेमकं सांगता येतं, कारण छातीत कळ येऊनही ओव्हरचे उरलेले दोन बॉल त्यांनी बुकात लिहिले, ओव्हरची बेरीज मांडली, पेनाला टोपण लावलं आणि मगच टेबलावर डोकं टेकलं. शेजारी बसलेल्या लेकीला आधी वाटलं, बाबा खाली पडलेला चष्मा शोधताहेत.

हे मास्तर कुठल्या शाळेतले नव्हेत. हिरव्या संघाचे ते स्कोअरर, गेली बत्तीस वर्षं. मैदानावर सगळे त्यांना ताळेमास्तर म्हणायचे. सामना संपला की खेळाडू आंघोळीला पळायचे, प्रेक्षक घरी जायचे आणि मास्तर ताळा करायला बसायचे. बॅट्समनकडून बेरीज करायची, मग बॉलरकडून करायची आणि दोन्ही आकडे एक आले की पानाखाली सही. ताळा बसला नाही तर सही नाही. सही नाही म्हणजे जेवण नाही. एकदा एका लेग-बायपायी ते इतका वेळ अडून बसले की संघाची बस हॉर्न वाजवून वाजवून शेवटी त्यांना सोडून निघून गेली. मास्तरांना त्याचं काहीच वाटलं नाही. लेग-बाय सापडला होता ना!

लेक नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसायची. आता पस्तिशी उलटली तरी बसतच होती, आणि अजूनही बाबा तिचं पान तपासायचे. आई गेल्यावर त्या घरात दोनच माणसं उरली होती आणि दोघांच्या मधे एक स्कोअरबुक.

डॉक्टरीणबाई फिरवून बोलणाऱ्या नव्हत्या. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन करावं लागेल, पंधरा दिवसांच्या आत करावं लागेल, नाहीतर पुढचा झटका सांगून येणार नाही. आणि पेशंट शुद्धीवर आहे, तेव्हा सही त्यांचीच हवी.

"बघू," मास्तर म्हणाले. "स्पर्धा संपू दे."

"बाबा, स्पर्धा दर वर्षी असते."

"मग ऑपरेशन पण पुढच्या वर्षी करू."

बत्तीस वर्षं ज्यांनी सहीशिवाय एक पान उलटलं नाही, त्यांना आता एका कागदावर सही करवत नव्हती. लेक रागावली, रडली, दोन दिवस तिने अबोला धरून पाहिला. म्हातारा ढिम्म. तोंडाने सबबी सांगायचा आणि हाताने पांघरूण घट्ट धरून ठेवायचा. घाबरला होता, दुसरं काय! पण तसं म्हणेल तर तो ताळेमास्तर कसला.

इकडे हिरव्यांना काय झालं होतं कोण जाणे, ते जिंकत सुटले. बावीस वर्षांत फायनलचं तोंड न पाहिलेला संघ, दर वर्षी हौसेने यायचा आणि मान खाली घालून परत जायचा. या वेळी चौथा सामना जिंकला, पाचवा जिंकला, सहावा तर शेवटच्या बॉलवर खेचून आणला. बाबांच्या जागी आता लेक स्कोअरिंग करत होती आणि रोज सकाळी दहाच्या भेटीच्या वेळेला बुक घेऊन वॉर्डात हजर व्हायची. वॉर्डात टीव्ही नव्हता, फोनला बंदी होती. मास्तरांचा सामना त्या बुकातच व्हायचा. ते एकेका बॉलवर बोट ठेवून वाचायचे, मधेच "अरे गाढवा, हा बॉल सोडायचा असतो!" असं कुणाला तरी सुनवायचे, शेवटी ताळा बघायचे आणि सही करायचे.

निकाल मात्र त्यांना आधीच कळलेला असायचा. हिरवे जिंकले की सगळं शहर हॉर्न वाजवत घरी जायचं. संध्याकाळी खिडकीखालच्या रस्त्यावर तो गोंधळ सुरू झाला की सिस्टर धावत येऊन खिडकी लावायच्या, "हे हॉस्पिटल आहे की लग्नाचा हॉल!" म्हणायच्या आणि शेजारच्या खाटेवरचा बसड्रायव्हर उशी डोक्यावर धरून नाचायचा. तोही हृदयाचाच पेशंट. हॉस्पिटलच्या कपड्यांवर हिरवा मफलर गुंडाळून झोपायचा. डॉक्टरीणबाईंनी मफलर काढायला सांगितला तर म्हणाला, "आधी हृदय काढा."

साखळीतला शेवटचा सामनाही हिरव्यांनी जिंकला आणि संघ सेमीफायनलला पोचला. त्या सकाळी लेकीने बुकाबरोबर ऑपरेशनचा तो फॉर्मही पुढे ठेवला. मास्तरांनी बुकावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म परत केला.

"फायनलला गेले तर करीन."

"काय?"

"हिरवे फायनलला गेले तर सही करीन. शब्द देतो."

"मी साक्षीदार!" ड्रायव्हर ओरडला. त्याला वाटलं, मोठंच काम झालं.

लेकीला मात्र तसं वाटलं नाही. बाबांचा जीव आता अकरा जणांच्या हातात होता आणि त्यातल्या तिघांना सरळ कॅचसुद्धा घेता येत नव्हता. पण शब्द म्हणजे शब्द. मास्तर पक्क्या शाईने लिहिणारा माणूस. लिहिलेलं खोडायचं नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

सेमीफायनल शुक्रवारी दुपारी होती. पिवळ्यांनी आधी बॅटिंग करून एकशे एकाहत्तर केले. अवघड नव्हतं. लेकीने पान उलटलं, हिरव्यांच्या अकरा जणांची नावं लिहिली आणि मनात म्हणाली, बाबांनो, आज माझ्यासाठी खेळा.

पहिल्या ओव्हरला कप्तान गेला. तिसरीत दोघं गेले. सातव्या ओव्हरला पाच बाद चाळीस झाले तेव्हा उत्तरेकडच्या स्टँडमधले ढोल बंद पडले. ती प्रत्येक विकेट लिहीत होती आणि लिहिताना तिला वाटत होतं, आपणच या माणसांना बाद करतोय. हात थांबवला तर थांबेल का हे? हात थांबवता येत नव्हता. चौदाव्या ओव्हरला सगळे बाद अठ्ठ्याऐंशी. ताळा पहिल्या फटक्यात बसला. एवढ्या कमी रनांचा ताळा बसायला कितीसा वेळ लागणार!

पिवळ्यांच्या स्कोअररने सामान आवरलं, जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चालायचंच. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. पुढच्या वर्षी कोण असेल?

स्कोअररच्या खोलीत ती एकटी उरली. काचेपलीकडे माळी पिचवर ताडपत्री ओढत होते. तिने कपाटातून कोरं बुक काढलं.

पिवळ्यांचा डाव तिने जसाच्या तसा उतरवला. हिरव्यांचा डाव सहाव्या ओव्हरपर्यंत खरा ठेवला, आणि मग सातव्या ओव्हरला जो खरोखर बाद झाला होता त्या यष्टिरक्षकाला तिने बाद होऊ दिलं नाही. तिथून पुढे सगळं खोटं होतं. खोटा सामना लिहायचा म्हणजे नुसते चौकार ठोकून भागत नाही. बिनरनाचे डॉट लागतात, एकेरी रन लागतात, मधेच एखादा चुकार लेग-बाय लागतो, नाहीतर मास्तरांच्या नाकाला वास लागायचा. एका चांगल्या बॅट्समनला तिने मुद्दाम बाद केलं आणि वाईट वाटून घेतलं. दोन बॉल राखून हिरवे जिंकले. ताळा बसेना. दोन रन कमी येत होते. डोळे पुसून तिने पुन्हा बेरीज केली, चुकलेली ओव्हर शोधली, नीट केली. ताळा बसला. बाहेर अजून उजेड होता. ती बॅग उचलून उठली, तेव्हा तिला स्वतःची किळस आली आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

सकाळी भेटीच्या वेळेआधीच ती वॉर्डाच्या दाराशी पोचली. सिस्टरांना हात जोडून वर्तमानपत्र लपवायला लावलं. मग ड्रायव्हरला बाहेरच्या बाकावर गाठलं. आदल्या संध्याकाळी दाराशी येऊन गेलेल्या भावाने त्याला निकाल सांगितला होता. त्याचे डोळे सुजले होते.

"काका, एक काम करा. आत जाऊन जिंकलो म्हणा."

"जिंकलो?" तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने सगळं सांगितलं. "अगं पोरी, तीस वर्षं मी या संघापायी रडतोय. रडून दाखवीन हवं तेवढं. हसून कसं दाखवू?"

"बाबांसाठी."

ड्रायव्हरने मफलरने नाक पुसलं, छाती पुढे काढली आणि आत जाऊन आरोळी ठोकली, "मास्तर! फायनल!" आणि पुढच्या क्षणी खाटेवर बसून ओक्साबोक्शी रडू लागला.

"आनंदाने रडताहेत," लेक घाईघाईने म्हणाली.

"दिसतंय," मास्तर म्हणाले. त्यांनी बुकासाठी हात पुढे केला.

त्यांनी सावकाश वाचलं. आज बोट चालत होतं, पण कुणाला गाढव म्हणणं नाही की शाबासकी नाही. लेक खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. तेराव्या ओव्हरवर बोट थांबलं. चौदाव्यावर गेलं. परत तेराव्यावर आलं.

"तेरावी ओव्हर कुणी टाकली?"

"पिवळ्यांच्या डावखुऱ्याने."

"आणि चौदावी?"

तिने वाकून पाहिलं. तीसुद्धा डावखुऱ्यानेच. एकच बॉलर लागोपाठ दोन ओव्हर टाकत नाही, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. बेरजेच्या नादात तिने दोन्ही ओव्हर एकाच्याच नावावर घातल्या होत्या. एक रन इकडचा तिकडे नव्हता. चूक फक्त एवढीच होती, की असा सामना जगात कुठे होऊच शकत नव्हता.

"अंपायर जेवायला गेले होते का?" मास्तरांनी विचारलं.

तिने बुक परत घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी ते सोडलं नाही.

"मला काल संध्याकाळीच कळलं होतं," ते हळूच म्हणाले. "खिडकीकडे कान लावून पडलो होतो. एक हॉर्न वाजला नाही गं. सायकलची घंटीसुद्धा नाही."

हॉर्न! सगळं शहर गप्प करून ठेवल्यासारखं होतं आणि ती वर्तमानपत्रं लपवत बसली होती. तिचा बांध फुटला. "मला फायनल नको, कप नको, हिरवे गेले खड्ड्यात! मला तुम्ही पाहिजे आहात, बाबा. घरात दुसरं कोण आहे मला?" पलीकडे ड्रायव्हरने रडणं थांबवलं होतं. "एवढा कसला हट्ट तुमचा? काय म्हणून?"

मास्तरांनी चष्मा काढून पांघरुणावर ठेवला.

"भीती वाटते," ते म्हणाले. "तुझी आई आत गेली तेव्हा मी बाहेर बसलो होतो. बाहेर बसणं मला माहीत आहे. आतलं नाही माहीत."

मग त्यांनी हात पुढे केला. "आण तो फॉर्म."

"पण हिरवे तर..."

"फायनलला गेले तर सही करीन म्हणालो होतो. तू नेलंस ना त्यांना?"

त्यांनी फॉर्मवर सही केली, ठळक, नेहमीसारखी. बुक मात्र मिटून परत दिलं. "यावर नाही करणार. चूक आहे यात." आणि लेक दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, "आता नेलंच आहेस तर फायनलही लिही. घाई न करता. बाहेर आलो की तपासीन. आणि त्या डावखुऱ्याला जरा दम खाऊ दे."

सोमवारी सकाळी आठ वाजता त्यांना आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तीन तास लागतील. लेकीने मांडीवर बुक उघडलं. खरी फायनल आदल्या दिवशी पिवळे आणि दुसऱ्याच एका संघात होऊन गेली होती. ती कोणी जिंकली हे तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

तिची फायनल हिरवे विरुद्ध पिवळे अशी होती. सेमीफायनल हरलेला संघ फायनलला येत नाही हे तिला कळत होतं, पण डावखुरा पिवळ्यांचा होता आणि त्याला दम खाऊ द्यायचा तर त्याचा संघ हवाच होता. हिरव्यांची बॅटिंग पहिली. घाई करायची नाही म्हणून ती खऱ्या सामन्याच्या चालीने लिहीत होती. बॉलर परत चालत जाईपर्यंत थांबायचं, फील्डर इकडचा तिकडे करायचा, मग एक खूण. दोन ओव्हरच्या मधे दाराकडे बघायचं. डावखुऱ्याला तिने एका आड एकच ओव्हर दिली. हिरव्यांचे एकशे चौऱ्याऐंशी झाले. पंधरा मिनिटं मधली सुट्टी झाली, तेव्हा ती उठून पाणी प्यायली. दुसऱ्या डावात पिवळे हळूहळू मागे पडत गेले. डावखुऱ्याला तिने एका आड एकच ओव्हर दिली. ड्रायव्हर खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसला होता, सिस्टरांना न सांगता.

अकरा वाजले तेव्हा विसाव्या ओव्हरचे पाच बॉल झाले होते. पिवळे एकशे सेहेचाळीस. एका बॉलमध्ये एकोणचाळीस हवे. जिंकल्यातच जमा.

लाल दिवा तसाच होता.

पेन शेवटच्या बॉलवर टेकलं आणि थांबलं. हा लिहिला की सामना संपला. सामना संपला की तिच्या हातात काही उरत नव्हतं. नुसतं बसायचं होतं, बाबा एकदा जसे बसले होते तसं. ते तिच्याने होईना. तिने वाइड लिहिला. वाइड मोजला जात नाही, बॉल पुन्हा टाकावा लागतो. साडेअकरा वाजेपर्यंत तिने आणखी आठ वाइड लिहिले.

"बॉलरचा खांदा निखळला वाटतं," ड्रायव्हर म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

बारा वाजले. एक सिस्टर घाईघाईने बाहेर आली, कुणाकडे न बघता गेली, हातात काही घेऊन परत आत शिरली. लेकीने एका दमात चार वाइड लिहिले. खुणा चौकटीत मावेनात, त्या समासात उतरल्या. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की प्रत्येक वाइडला पिवळ्यांचा एक रन वाढतोय. हिरव्यांकडे अडतीस रनांची शिल्लक होती. ती काय फुकट नव्हती! शेवटचा बॉल लिहून टाकावा तर सामना संपतो. नाही लिहावा तर हातचा जातो. तिने दोन वाइडमधलं अंतर वाढवलं. तीन मिनिटं. मग पाच. तळहाताला घाम सुटला होता, पेन घसरत होतं. छत्तिसावा वाइड पडला तेव्हा एक वाजायला आला होता. सदतिसाव्याला पिवळे एकशे त्र्याऐंशी. आणखी एक पडला तर बरोबरी. ड्रायव्हर मफलर तोंडात धरून बुकाकडे बघत होता, खराखुरा सामना असल्यासारखा.

"आता नको टाकू गं," तो पुटपुटला. "थांबव त्याला."

"कशी थांबवू?" ती म्हणाली. "दार उघडत नाहीये."

तिने पेन वर धरून ठेवलं. किती वेळ, ते तिला कधीच सांगता आलं नाही. ना वाइड, ना बॉल. मैदानात बॉलर धावत निघालेला आणि कुणीतरी त्याला वाटेतच धरून ठेवलेला.

दिवा विझला. डॉक्टरीणबाई मास्क काढत बाहेर आल्या. "मधे हृदयाने त्रास दिला," त्या म्हणाल्या. "आता चालतंय. नीट चालतंय."

लेक बुक छातीशी धरून तशीच बसून रडली.

चौथ्या दिवशी मास्तरांना बोलता येऊ लागलं. दहा मिनिटांची भेट होती. त्यांनी पाणी मागितलं नाही, कसं झालं विचारलं नाही. दोन बोटं हवेत हलवून बुक मागितलं. लेकीने ते त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि पानं उलटली. शेवटच्या ओव्हरशी ते थांबले. समासात उतरलेल्या, एकमेकींवर चढलेल्या, खालच्या कडेपर्यंत घसरत गेलेल्या त्या खुणा त्यांनी एकेक करून मोजल्या. ओठ हलत होते.

"सदतीस?" आवाज कापडातून आल्यासारखा होता. "एका ओव्हरला?"

"हो."

त्यांना हसू येत असावं, पण छातीला टाके होते. मग हसू गेलं. सुरुवातीच्या खुणा सुबक होत्या, मधल्या वाकड्या झाल्या होत्या, शेवटच्या दोन-तीन ओळखू येत नव्हत्या, आणि एका ठिकाणी शाई पसरली होती. बत्तीस वर्षं त्यांनी खुणांवरून सामने वाचले होते. हाही वाचला.

"पाच तास लागले होय," ते म्हणाले.

तिने नुसती मान हलवली.

"आणि शेवटचा बॉल?"

"तो नाही लिहिला. लिहवला नाही."

मास्तरांनी पेन मागितलं. सलाईनची नळी सांभाळत तिने त्यांचा हात कागदापर्यंत नेला. त्यांनी त्या एकाच रिकाम्या जागी पेन टेकवलं आणि एक डॉट दिला.

"एका रनने जिंकलो," ते म्हणाले. "ताळा कर. मग सही करतो."